ड्राफ्ट बिअरच्या नळाची रचना आणि नाममुद्रेचे व्यक्तिमत्त्व : गिनेसच्या संदर्भात

प्रस्तावना :
बाटलीतील बिअरची ओळख तिच्या वेष्टनावरून पटते. पिंपातून नळावाटे दिल्या जाणाऱ्या ड्राफ्ट बिअरला मात्र असे वेष्टन नसते. काउंटरवरील नळ हेच तिचे ओळखपत्र होय. अमेरिकेत १९३३ साली राष्ट्रीय दारूबंदी उठल्यानंतर, एका बिअरच्या नावाखाली दुसरी खपविली जाऊ नये म्हणून, नळावर नाव असावे असे बंधन अनेक राज्यांनी घातले. त्यातून शोभिवंत मुठींची परंपरा बहरली. तथापि, नाममुद्रेचे व्यक्तिमत्त्व केवळ मुठीच्या शोभेतून प्रकट होते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चिन्ह आणि यंत्रणा :
डब्लिन येथे १७५९ साली सुरू झालेल्या गिनेस मद्यनिर्मितीगृहाने १८६२ पासून वेष्टनावर आयरिश वीणा, म्हणजे हार्प, वापरली आणि १८७६ साली तिची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली. हे चिन्ह आज तिच्या नळांवरही दिसते. ते पेयाचे नाते आयर्लंडशी जोडते. परंतु पेयाचा स्वभाव सांगत नाही. ते कार्य नळाची अंतर्गत रचना करते.

गिनेसमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजनचा वापर १९५९ साली रूढ झाला. नायट्रोजन द्रवात फारच कमी विरघळतो. नळातील बारीक छिद्रांच्या चकतीतून बिअर दाबाने जाताना तो सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो व साईसारखा घट्ट फेस तयार होतो. प्रथम तिरप्या पेल्यात मूठ पुढे ओढून बिअर भरावयाची, ती निवळेपर्यंत थांबावयाचे आणि नंतर मूठ मागे ढकलून संथपणे पेला पूर्ण करावयाचा, असा क्रम आहे. कंपनी यासाठी ११९.५ सेकंदांचा अवधी सांगते. येथे प्रतीक्षा हाच नाममुद्रेचा स्वभावविशेष ठरतो आणि तो यंत्रणेतूनच उपजतो.

तुलना :
चेक प्रजासत्ताकातील पिल्सनर उर्केल या बिअरसाठी आडव्या दिशेने फिरणारी मूठ असलेला नळ वापरला जातो. त्यामुळे प्रवाहावर सूक्ष्म नियंत्रण ठेवता येते. भरणारा आधी पेल्यात ओलसर फेस घेतो व त्याखाली बिअर सोडतो. 'म्लीको' या प्रकारात तर जवळजवळ संपूर्ण पेला फेसाचाच असतो. येथे यंत्रापेक्षा भरणाऱ्याचे कौशल्य नाममुद्रेची प्रतिष्ठा वाढविते.

निष्कर्ष :
उपरोक्त दोन्ही उदाहरणांत मुठीवरील चिन्ह बदलले तरी पेयाचा स्वभाव टिकून राहील. नळाची यंत्रणा बदलली तर मात्र चिन्ह पोकळ ठरेल. म्हणून विपणन व वस्तुरचना या विषयांच्या अध्यापनात नाममुद्रा म्हणजे नाव, रंग आणि बोधचिन्ह एवढाच अर्थ शिकविणे अपुरे होय. मूठ ग्राहकाला एक वचन देते; ते पाळण्याची जबाबदारी तिच्यामागील झडपेवर, वायूवर आणि पेला भरणाऱ्या हातावर असते. या दोहोंत मेळ नसेल, तर सुंदर रचना ही फसवणुकीचेच साधन बनते.