चौघांमधला एक: लीव्हाय स्टब्ज

डेट्रॉइटचे सूर : लेखांक सहावा

१९६७च्या सुमारास मोटाउन कंपनीच्या तबकड्यांवरची नावं बदलू लागली. ‘सुप्रीम्स’चं ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं. ‘मिरॅकल्स’च्या आधी स्मोकी रॉबिन्सनचं नाव लागलं. ‘व्हँडेलाज’च्या आधी मार्था रीव्ह्ज आडनावासकट आली. ‘टेम्प्टेशन्स’मधल्या डेव्हिड रफिनलाही स्वतःचं नाव पुढे हवं होतं. ते मिळेना, तेव्हा कार्यक्रमांना दांड्या सुरू झाल्या आणि १९६८ मध्ये त्याला गटातून काढण्यात आलं. मुख्य गायकाचं नाव ठळक आणि बाकीचे त्याच्या मागे, अशी रीत पडत होती.

एक नाव मात्र होतं तसंच राहिलं: ‘फोर टॉप्स’.

या गटाच्या गाजलेल्या जवळजवळ प्रत्येक गाण्यात मुख्य आवाज एकाच माणसाचा आहे. तो आवाज इतका ओळखीचा की पहिल्या दोन शब्दांत कळावं. त्या माणसाचं नाव लीव्हाय स्टब्ज. वेगळं नाव लावण्याचा हक्क कुणाला असेल तर तो त्याला होता, आणि त्याने तो कधी वापरला नाही. मागच्या लेखांकात आपण बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर उभी केलेली कंपनी पाहिली. आज त्या कंपनीतल्या या गायकाची कारकीर्द पाहू.

लीव्हायचा जन्म ६ जून १९३६ला डेट्रॉइटमध्ये झाला. घरचं आडनाव स्टबल्स. पुढे ‘लोनली टीअरड्रॉप्स’ने गाजलेला जॅकी विल्सन त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ, सख्खा भाऊ जो स्टब्जही गायक. गाणं घराण्यातच होतं म्हणायचं. शाळेतला जिवलग मित्र अब्दुल फकीर, ज्याला सगळे ड्यूक म्हणत. या ड्यूकचे वडील बंगालमधले, आज ज्याला बांगलादेश म्हणतात त्या भागातले. तिथून निघून ते डेट्रॉइटच्या कारखान्यात कामाला लागले होते. मोटारींच्या कारखान्यांमुळे जगभरातली माणसं या शहरात येऊन राहत होती आणि त्यांची मुलं एकाच गल्लीत खेळत, गात वाढत होती.

१९५४ मध्ये एका वाढदिवसाच्या पार्टीत या दोघांनी दुसऱ्या शाळेतल्या दोन मुलांना सोबत गायला बोलावलं: रेनाल्डो बेन्सन, म्हणजे ओबी, आणि लॉरेन्स पेटन. लीव्हायने सुरुवात केली आणि बाकी तिघे आपापल्या सुरावर बरोबर जाऊन बसले. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मग गट झाला आणि नाव ठरलं ‘फोर एम्स’. त्या काळी एम्स ब्रदर्स नावाचा प्रसिद्ध गट होता. लोकांची गफलत होऊ नये म्हणून १९५६ मध्ये नाव ‘फोर टॉप्स’ झालं. त्या वर्षी चेस कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. ती चालली नाही.

त्यानंतरची सात-आठ वर्षं अशीच गेली. चेस झाली, रेड टॉप झाली, कोलंबिया झाली, रिव्हरसाइड झाली. चार कंपन्या आणि एकही लोकप्रिय गाणं नाही. पण ही वर्षं वाया गेली असं मात्र म्हणता येणार नाही. चौघे रात्रीच्या क्लबांत गात होते, लास व्हेगासला जात होते, बिली एकस्टाइनसारख्या कसलेल्या जॅझ गायकाबरोबर दौरे करत होते. जेवणाच्या टेबलांमधून, थाळ्यांच्या आवाजात श्रोत्याचं लक्ष कसं धरायचं, हे ते शिकले. आणि पेटनच्या तयार कानाखाली त्यांची हार्मनी घोटून घोटून पक्की झाली.

हार्मनी हा प्रकार आपल्या कानाला थोडा उलगडून सांगायला हवा. आपल्याकडे कोरसमध्ये बहुतेक वेळा सगळे एकच सूर लावतात. हार्मनीत एकाच वेळी एकाने षड्ज, दुसऱ्याने गंधार, तिसऱ्याने पंचम धरावा, तसे वेगवेगळे सूर एकत्र वाजतात आणि त्यांचा मिळून एक भरीव रंग तयार होतो. फोर टॉप्समध्ये सर्वांत वरचा सूर ड्यूकचा, मधला पेटनचा, खालचा ओबीचा. या तिघांच्या पुढे लीव्हाय. बहुतेक गटांत मुख्य गायक उंच, पातळ आवाजाचा असे. लीव्हायचा आवाज मुळात भारदस्त, खालच्या पट्टीचा. हे वेगळेपण पुढे फार कामी आलं.

१९६३ मध्ये चौघे मोटाउनमध्ये आले. गॉर्डीने आधी त्यांच्याकडून जॅझच्या वळणाची गाणी ध्वनिमुद्रित करून घेतली. तो अल्बम कपाटात गेला आणि थेट १९९९ मध्ये बाहेर आला. दरम्यान इतर गायकांच्या गाण्यांना मागून साथ देणं सुरू होतं. मग १९६४ मध्ये एका रात्री ‘ट्वेंटी ग्रँड’ या क्लबमध्ये गाणं ऐकायला गेलेल्या या चौघांना मोटाउनचा संगीतकार ब्रायन हॉलंडने गाठलं: तुमच्यासाठी गाणं आहे. कार्यक्रम संपल्यावर रात्री दोनच्या सुमारास ते स्टुडिओत पोचले. हे पेटनने गावं, असं लीव्हायचं म्हणणं होतं. हॉलंडला मात्र लीव्हायच हवा होता. ‘बेबी आय नीड युअर लव्हिंग’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ११व्या क्रमांकावर गेलं. गट सुरू होऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

ब्रायन हॉलंड, लॅमोंट डोझिअर आणि एडी हॉलंड या गीतकार-संगीतकार त्रयीने लीव्हायसाठी एक साधी युक्ती केली. गाण्याची पट्टीच चढवून ठेवली. पट्टी चढवली की काय होतं, हे पेटीवर बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मध्य सप्तकात आरामात फिरणाऱ्या गळ्याला तार सप्तकात ढकललं की आवाज ताणला जातो, कडा खरखरीत होतात, प्रत्येक सूर कमवावा लागतो. हलका, उंच गळा तिथे सहज गेला असता आणि ऐकणाऱ्याला काही वाटलं नसतं. लीव्हायचा जड आवाज तिथे पोचताना जो जोर लावतो, तो ऐकणाऱ्याला विनवणीसारखा ऐकू येतो. त्याच्या गाण्यातली आर्तता अशी गळ्याच्या कष्टातून येते.

१९६५ मध्ये ‘आय कान्ट हेल्प मायसेल्फ’ पहिल्या क्रमांकावर गेलं. लीव्हायला आपलं गाणं पसंत नव्हतं. आणखी एकदा गाऊ द्या, असं त्याने सांगितलं, उद्या बघू असं उत्तर मिळालं आणि तो उद्या आलाच नाही. हे यश पाहून कोलंबिया कंपनीने त्यांची जुनी तबकडी पुन्हा बाजारात आणली. ती पुढे जायच्या आत नवं गाणं हवं होतं, म्हणून मोटाउनने ‘इट्स द सेम ओल्ड साँग’ लिहून, गाऊन, छापून साधारण एका दिवसात बाहेर काढलं. तेही पाचव्या क्रमांकावर पोचलं.

मग १९६६ आणि ‘रीच आउट आय’ल बी देअर’. या एका गाण्यापाशी थोडं थांबायला हवं. सुरुवातीला बासरीच्या जातीची वाद्यं उंचावर एक काहीशी गूढ धून वाजवतात. खाली टॅम्बरीनच्या चामड्यावर पडणारे ठोके घोड्याच्या टापांसारखे दौडत येतात. जेम्स जेमरसनचा बेस त्यात मिसळतो. आणि लीव्हाय येतो तो निम्मा गात, निम्मा बोलत. डोझिअरच्या डोक्यात बॉब डिलनची शब्द फेकण्याची तऱ्हा होती आणि त्याला लीव्हायकडून तसंच हवं होतं. कडव्याच्या शेवटी वाद्यं एकदम थांबतात, लीव्हायची हाक मोकळ्या जागेत पडते आणि तिला उत्तर म्हणून सगळे आवाज उसळून वर येतात. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती झेलून वर न्यावी, तसं हे घडतं. झील नसेल तर शाहीर एकटा पडतो, आणि या गाण्यातून मागचे आवाज काढून पाहिले तर लीव्हायची हाकही तशीच अधांतरी राहील.

गंमत अशी की हा सगळा एक प्रयोग आहे, अशी चौघांची समजूत होती. हे बाहेर काढू नका, असं त्यांनी गॉर्डीला सांगितलंही होतं. गॉर्डीने ऐकलं नाही. गाणं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी फोर टॉप्सचा कार्यक्रम लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये लावला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवून घेतलं.

पुढच्याच वर्षी ‘बर्नाडेट’ आलं. शेवटाकडे सगळे आवाज एका सुरावर येतात आणि गाणं थांबतं. पूर्ण शांतता. संपलं असं वाटून हात पुढच्या तबकडीकडे जावा, इतकी. आणि त्या शांततेत लीव्हाय त्या मुलीला एकदाच नावाने हाक मारतो आणि अख्खा ताफा पुन्हा सुरू होतो. सोल संगीतात अशा हाका पुष्कळ आहेत, पण या हाकेची सर फार थोड्यांना येईल.

इथे आणखी तिघींची नावं घ्यायला हवीत: जॅकी हिक्स, मार्लिन बॅरो आणि लुव्हेन डेम्प्स. ‘अँडांटीज’ या नावाने त्या मोटाउनच्या स्टुडिओत साथ करत. फोर टॉप्सच्या तबकड्यांवर पुरुषांच्या आवाजांच्या वर जो उंच, झळझळीत थर ऐकू येतो, तो यांचा. तबकडीवर त्यांचं नाव नसे.

१९६७च्या अखेरीस पैशांच्या वादातून हॉलंड-डोझिअर-हॉलंड ही त्रयी मोटाउनपासून दूर झाली आणि फोर टॉप्सला मिळणारी गाणी अचानक आटली. गट फुटायला हे कारण पुरेसं होतं. आणखी एक कारण लवकरच घडलं. १९६९च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ओबीने निदर्शकांवर पोलिसांचा मार पाहिला. हे काय चाललंय, हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना. त्यातून त्याने गीतकार ॲल क्लीव्हलंडबरोबर एक गाणं रचायला घेतलं. ते फोर टॉप्सला दिलं तर बाकी तिघांनी नको म्हटलं, हे निषेधाचं गाणं आहे असं त्यांना वाटलं. ओबी ते घेऊन गायक मार्विन गेकडे गेला. मार्विनने त्यात भर घातली आणि १९७१ मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या नावाने ते जगभर पोचलं. आपल्याच गटाने नाकारलेलं गाणं असं इतिहासात जाताना पाहून एखादा रागाने निघून गेला असता. ओबी निघून गेला नाही. तो २००५ मध्ये वारला, तोपर्यंत फोर टॉप्समध्येच गात होता.

१९७२ मध्ये मोटाउनने डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिस गाठलं. चौघांनी शहर न सोडता कंपनी सोडली. डनहिल या नव्या कंपनीसाठी गायलेलं ‘एन्ट नो वुमन’ १९७३ मध्ये चौथ्या क्रमांकावर पोचलं. १९८१ मध्ये ‘व्हेन शी वॉज माय गर्ल’ने त्यांना पुन्हा वर आणलं. १९८३च्या मोटाउनच्या रौप्यमहोत्सवी दूरचित्रवाणी कार्यक्रमात फोर टॉप्स आणि टेम्प्टेशन्स यांच्यात गाण्यांची जी जुगलबंदी झाली, ती लोकांना इतकी आवडली की दोन्ही गटांनी मिळून दौरेच काढले.

लीव्हायने एकट्याने केलेलं सर्वांत गाजलेलं काम १९८६चं. ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या चित्रपटात माणसं खाणाऱ्या एका अजस्र झाडाला त्याने आवाज दिला. पडद्यावर झाडाची बाहुली आणि आवाज लीव्हायचा: कधी लाडीगोडी लावणारा, कधी धमकावणारा, कधी खदाखदा हसणारा. त्याने गायलेल्या एका गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. अनेकांना आजही तो आवाज ठाऊक असतो, माणसाचं नाव नसतं. हे काम संपवून तो पुन्हा चौघांत येऊन उभा राहिला.

१९९० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने फोर टॉप्सचा समावेश केला. २० जून १९९७ला लॉरेन्स पेटन गेला. १९५४ पासून त्या दिवसापर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, या गटातला एकही माणूस बदलला नव्हता. टेम्प्टेशन्समध्ये आजवर वीसहून अधिक गायक येऊन गेले, हे शेजारी ठेवलं की या आकड्याचं वजन कळतं. काही काळ तिघांनीच कार्यक्रम केले आणि मग नवा गायक घेतला. २००० मध्ये प्रकृतीने लीव्हायलाही रंगमंच सोडायला लावला.

२००४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑपेरा हाउसमध्ये गटाचा सुवर्णमहोत्सव झाला. लीव्हाय चाकाच्या खुर्चीत बसून रंगमंचावर आला. आवाजातला तो जोर आता उरला नव्हता, तरी तो गायला आणि त्याचे मित्र त्याच्या शेजारी होते. १७ ऑक्टोबर २००८ला तो डेट्रॉइटमधल्या आपल्या घरी झोपेतच गेला. चौघांतला शेवटचा, ड्यूक फकीर, जुलै २०२४ मध्ये गेला. अगदी शेवटच्या काळापर्यंत तो दौऱ्यांवर गात होता.

सोल संगीतात लीव्हायइतके ताकदीचे गळे आणखी आहेत. पण एवढा मोठा आवाज जवळ असताना तो चौघांचा म्हणून सांभाळणारा त्याच्यासारखा दुसरा नाही, असं या लेखमालेचं स्पष्ट मत आहे.

पुढच्या आठवड्यात ‘टेम्प्टेशन्स’कडे वळू. तोवर वाचकांनी ‘बर्नाडेट’ दोनदा ऐकावं. पहिल्यांदा लीव्हायसाठी. दुसऱ्यांदा लीव्हायला बाजूला ठेवून फक्त मागच्या आवाजांकडे कान द्यावा: ड्यूक, पेटन, ओबी आणि ज्यांचं नाव तबकडीवर नव्हतं त्या तिघी.