पॅलिओ, पुंटो आणि नायगावची हवा

बीडीडी चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची. छत दहा फुटांवर धरलं, तर आत साधारण 45 हजार लिटर हवा मावते. माझ्या फिएट पॅलिओचं 1.6 लिटरचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला जवळजवळ 4,800 लिटर हवा ओढायचं. म्हणजे ज्या खोलीत आम्ही पाच माणसं वाढलो, तिच्यातली सगळी हवा त्या इंजिनानं दहा मिनिटांत संपवली असती. हा हिशेब मी 2007 साली वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. पुढची पंधरा-सोळा वर्षं गाडीच्या बाबतीत माझं डोकं त्याच एका गोष्टीत अडकून राहिलं: ही हवा येते कुठून, गाळली जाते कशातून, आणि आत पोचेपर्यंत किती तापते.

पॅलिओ 2001 साली बाजारात आली, ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून. त्याच आवारातून आधी प्रीमियर पद्मिनी निघायची, म्हणजे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची सगळी पिढी ज्या गाडीवर जगली ती. पॅलिओची 1.6 जीटीएक्स शंभर अश्वशक्तीच्या आसपासची होती. पेट्रोल बेसुमार प्यायची, म्हणून सेकंडहँड बाजारात तिला कोणी विचारत नव्हतं आणि म्हणूनच ती मला परवडली. सचिनच्या नावाची ‘एस 10’ आवृत्ती निघाली होती ती याच गाडीची. दोन दरवाजांची, जमिनीला टेकलेली गाडी म्हणजेच स्पोर्ट्स कार असं कोणी म्हणेल, पण नायगावात चाळींच्या मधल्या गल्लीत रात्री ताडपत्री घालून उभी राहणारी माझी पॅलिओ माझ्यासाठी स्पोर्ट्स कारच होती.

पहिला इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा नेणारी वाट, मी ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणला. लाल रंगाचा कोन फिल्टर, त्याला सिलिकॉनची आखूड नळी आणि दोन होज क्लॅम्प. कंपनीचा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा आणि त्या जागी हा कोन उघडाच ठेवायचा. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी गाडी पोलीस ग्राउंडच्या कडेनं काढली, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला, आणि बॉनेटखालून असा खर्जातला हुंकार आला की अंगावर काटा उभा राहिला. तो आवाज मला आजही आठवतो आणि आजही आवडतो. आमच्याकडे पोलिसांची वस्ती दाट. शेजारचे हवालदार काका गॅलरीतून म्हणाले, “काय रे, सायलेन्सर काढलास का?” मी बॉनेट उघडून दाखवलं. आवाज मागून येत नव्हता, पुढून येत होता. इंजिन श्वास घेताना होणारा तो आवाज कंपनीचा डबा दाबून टाकतो. डबा काढला की कानाला वाटतं, गाडीला ताकद आली. मलाही सात वर्षं तसंच वाटत राहिलं.

कोनाचं पहिलं खरं परीक्षण माझ्या वडिलांनी केलं. बाबा गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फोडून, पिंजून, कचरा झाडून काढायचं खातं ते. सगळ्या गिरणीत धूळ तिथे जास्त. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाबांची नोकरी त्यातच गेली, पण छाती तोवर गेलेलीच होती. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची, असं ते सांगायचे. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवारचा त्रास ही त्याची खूणच आहे. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. बाबा नाकाला ओला फडका बांधून जायचे, एवढंच आम्ही पाहिलं.

तर मी कोन धुऊन, सावलीत, गॅलरीच्या दोरीला टांगून ठेवला होता. असा फिल्टर उन्हात वाळवायचा नाही आणि हवेच्या प्रेशरनं फुंकायचा नाही, नाहीतर जाळीचे धागे सरकतात. बाबांनी तो हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवून घडी बोटांनी जरा उलगडली. तारेच्या जाळीच्या दोन थरांमध्ये सुती गॉझचे पदर होते, ते त्यांनी नखानं एकेक करून मोजले. उजेडासमोर धरला. उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधून पलीकडची चाळ दिसत होती. म्हणाले, “हे तर जखमेला लावायचं कापड.” मी सांगितलं, यावर तेल फवारतात, धूळ तेलाला चिकटते. 1969 साली कॅलिफोर्नियात के अँड एन कंपनी निघाली, तिनं हे तेल लावलेल्या सुती गॉझचं तंत्र जगभर नेलं, हेही सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तेल सुकलं की?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी कोनाच्या पुढची नळी सोडवली आणि बोटाला पांढरा रुमाल गुंडाळून आतून फिरवला. रुमालावर तपकिरी पट्टा उठला. पाहायला गेलं तर बारीकच, पावडरीसारखा. पण ही फिल्टरच्या पलीकडची, गाळून झालेल्या हवेची बाजू होती. तो पट्टा म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये रोज फिरणारी पॉलिश पेपरची पूड. रिंगा झिजतात त्या यानं.

कागदाच्या फिल्टरचं तंत्र वेगळं. त्याला तेल नसतं, पदर नसतात, कागदाच्या दाट घड्या असतात. थोडी धूळ बसली की तीच धूळ पुढच्या धुळीला अडवते, म्हणजे काही हजार किलोमीटर जुना कागद नव्यापेक्षाही बारीक गाळतो. मग एका टप्प्यावर तो तुंबतो आणि बदलावा लागतो. एअर फिल्टर तपासण्याची आयएसओ 5011 नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. मोजलेली धूळ सोडायची, किती अडली आणि हवेला अडथळा किती झाला हे दोन्ही पाहायचं. अडथळा कमी हवा असेल तर जाळी विरळ लागते, आणि विरळ जाळीतून धूळ जास्त जाते. हे ठरवायला मला प्रयोगशाळा लागली नाही, रुमाल पुरला.

तरी कोन मी लगेच उतरवला नाही. आवाज सुटत नव्हता. 2014 साली एक वेगळीच गोष्ट डोक्यात आली. क्रॉफर्ड मार्केटमध्ये माशांच्या टाकीला लावायचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, लांब वायरचा. त्याचं टोक कोनाजवळ बांधलं, वायर बॉनेटच्या फटीतून काचेवर आणली. दादर टीटीच्या सिग्नलला, मे महिन्यात, दुपारी, आकडा वर चढताना पाहत बसलो. रस्त्यावर पस्तीस अंश, आणि बॉनेटखाली साठच्या पुढे. ईस्टर्न फ्रीवेवर गाडी जरा पळाली तेव्हा आकडा उतरला, पण खाली येऊन शिवडीच्या ट्रेलरच्या रांगेत अडकताच परत चढला. हवा तापली की विरळ होते. तीस अंशांची हवा साठ अंशांवर गेली, तर तेवढ्याच लिटरमध्ये ऑक्सिजन नऊ टक्क्यांनी कमी. ज्या कोनानं माझ्या गाडीला मोकळा श्वास मिळणार होता, तो रेडिएटरमागची भट्टीची हवा पीत होता. कंपनी नळीचं तोंड सहसा बॉनेटच्या कडेला, उंचावर आणि इंजिनापासून दूर का काढते आणि मध्ये बंद डबा का ठेवते, ते मला तेव्हा समजलं.

याच सुमारास माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकणारा आमच्या चाळीतला एक मुलगा मला भेटला. फॉर्म्युला स्टुडंटच्या स्पर्धेत पेट्रोल इंजिनाला नियमच आहे की, सगळी हवा 20 मिलिमीटर व्यासाच्या एका गोल भोकातूनच जायला हवी. अंगठा जाईल एवढंच भोक. मुलं वर्षभर त्या भोकाच्या पुढचा-मागचा उतार घासत बसतात. त्यानं मला एक साधी गोष्ट दाखवली. चाळीच्या सामाईक नळाची तोटी आहे तेवढीच ठेवून टाकीकडचा पाइप रुंद केला, तर बादली लवकर भरते का? इनटेकही तसाच. हवेच्या वाटेत सगळ्यात अरुंद जागा फिल्टर नसेलच, तर फिल्टर बदलून हाती येतो तो आवाज. साध्या, टर्बो नसलेल्या, कंपनीच्या ट्यूनवर चालणाऱ्या गाडीत ती जागा बहुधा फिल्टर नसतेच.

मी मात्र त्याच्या बोलण्यातलं निम्मंच घेतलं. उघडा कोन गरम हवा पितो ना, मग थंड हवेचा इनटेक लावू. लांब नळी, तोंड खाली बंपरच्या आत, फॉगलॅम्पच्या मागे. तिथे खरोखरच थंड हवा मिळते. थर्मामीटरनं तसं सांगितलंही, आणि गाडी सकाळी फ्रीवेवर मोकळी पळाली. दोन वर्षं मी खूश होतो.

29 ऑगस्ट 2017. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 331 मिलिमीटर पाऊस पडला. मी परळहून घरी येत होतो आणि वाटेत हिंदमाता. हिंदमाता बशीसारखी आहे, चारही बाजूंचं पाणी तिथे उतरतं, हे नायगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पाणी टायरच्या निम्म्याला होतं, कंपनीच्या डब्याची गाडी त्यातून निघाली असती. समोरून बेस्टची बस आली आणि तिची लाट माझ्या बंपरवर चढली. ‘ठक्’ असा एकच आवाज झाला आणि इंजिन बंद. मी घाबरून पुन्हा चावी फिरवली. ती फिरवायला नको होती.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर कुठेतरी लोखंडालाच नमावं लागतं. गॅरेजमध्ये इंजिन उघडलं तेव्हा दोन कनेक्टिंग रॉड वाकलेले निघाले. डोळ्यांना सरळच दिसत होते. मेकॅनिकनं एक काचेवर आडवा ठेवला, तेव्हा मधून पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसली. त्या इंजिनाचे पार्ट मिळवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तीन शनिवार घालवले. मग गाडीच तिथे विकून टाकली. बंपरमधून श्वास घेणारा इनटेक थंड आणि कोरड्या मुलखासाठी असेल. हिंदमातापासून चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या माणसानं तो लावू नये, हे मी तेव्हापासून विचारील त्याला सांगत आलो आहे. आता तिथे दोन पुलांमधला रस्ता उंच केला आहे, मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या आहेत. तरी माझं सांगणं तेच आहे.

2018 मध्ये फिएटचीच सेकंडहँड अबार्थ पुंटो घेतली. ऑक्टोबर 2015 ला 9 लाख 95 हजारांना आलेली ही गाडी पुण्याजवळच्या रांजणगावची. 1.4 लिटर टर्बो, 145 अश्वशक्ती. महाराष्ट्रात बनलेल्या गाड्यांमध्ये एवढ्या पैशांत एवढा जीव दुसऱ्या कशात नव्हता, असं माझं ठाम मत आहे. टर्बोच्या गाडीत इनटेकचा प्रश्न खरा असतो, कारण टर्बो हवा खेचून आणतो आणि त्याच्या आधीचा अडथळा त्याला जाणवतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळवायला ट्यून वाढवलेल्या गाड्या जातात, त्यांना मोठा इनटेक लागतो, हे मी नाकारत नाही. माझी गाडी मात्र नायगाव ते ऑफिस आणि महिन्यातून एकदा घाटात जायची. मी कंपनीचा डबा ठेवला, त्यात कागदाचाच फिल्टर ठेवला, आणि बदलायचं अंतर निम्म्यावर आणलं.

2019 साली मोटार वाहन कायदा बदलला. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी माळ्यावरचे जुने डबे शोधायला काढले. डबे फेकून दिलेल्यांची पंचाईत झाली, कारण फिएटनं तोवर इथला गाड्यांचा धंदा आवरला होता.

मग चाळी पडू लागल्या. 1920 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी, नायगावात एकूण बेचाळीस. पुनर्विकासासाठी एकेक रिकामी होते, पोकलेन लागतो, आणि शंभर वर्षांचं काँक्रीट भुगा होऊन गल्लीत उतरतं. सकाळी गाडीच्या काचेवर बोटानं नाव लिहिता येतं. बाबा हे पाहायला राहिले नाहीत.

गेल्या रविवारी फिल्टर बदलला. फक्त चार हजार किलोमीटर झाले होते. डब्याचं झाकण काढलं, जुना कागद उलटा धरून वर्तमानपत्रावर आपटला. घड्यांमधून राखेसारखी पांढुरकी धूळ पडली, चहाचा चमचा भरेल एवढी. मग रुमाल बोटाला गुंडाळला आणि टर्बोकडच्या नळीत आतून फिरवला. बाहेर काढून उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. पांढरा होता. नवा कागद बसवून झाकण लावलं.