छप्पर पेलणारे माप

शांघायमध्ये १ मे २०१० रोजी जागतिक प्रदर्शन सुरू झाले, तेव्हा यजमान चीनचे प्रदर्शनभवन दुरूनही ओळखू येत असे. आपल्याकडे मडक्यांची उतरंड मोठ्याकडून लहानाकडे चढते. इथे ती उलटी होती. खाली चार भक्कम स्तंभ आणि त्यांच्यावर थरागणिक रुंद होत गेलेला लालभडक माथा. वास्तुविशारद ह जिंगतांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रूप चिनी सुतारकामातील 'दोउगोंग' या रचनेवरून घेतले होते. ही रचना चीनमध्ये परंपरेचे चिन्ह मानली जाते. पण चिन्ह होण्याआधी ती काय काम करीत होती, हे पाहिले तरच या इमारतीची पारख करता येईल.

'दोउ' म्हणजे धान्याचे माप, आपल्या पायलीसारखे. 'गोंग' म्हणजे धनुष्यासारखी आडवी भुजा. लाकडी खांबाच्या डोक्यावर मापाच्या आकाराचा ठोकळा बसवायचा, त्याच्या खाचेत भुजा अडकवायची, भुजेच्या टोकांवर लहान ठोकळे आणि त्यांच्यावर आणखी लांब भुजा. असे थर चढत गेले की खांबापासून बराच पुढे आलेला छपराचा भाग पेलता येतो. सांधे खाचांनीच बसतात, खिळ्यांची गरज पडत नाही.

छप्पर एवढे पुढे कशाला आणायचे? कारण साधे आहे. भिंती मातीच्या आणि खांब लाकडाचे. पावसाने भिंत भिजली की ढासळते आणि खांबाचा बुंधा कुजतो.

पुढे आलेल्या लाकडाची अडचण वर्गात सहज दाखवता येते. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर घट्ट दाबून धरा. तिचा १० सेंटीमीटर भाग बाहेर ठेवा, टोकाला दोऱ्याने एक खोडरबर टांगा आणि टोक किती वाकले ते मोजा. आता २० सेंटीमीटर बाहेर काढा. वाक दुप्पट होणार नाही, जवळजवळ आठपट होईल, कारण टोकावरच्या वजनाने येणारा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. (पट्टीच्या स्वतःच्या वजनामुळे उत्तर थोडे हलेल, विद्यार्थ्यांनी ते विचारले तर उत्तमच.) म्हणजे आधारापासूनचे मोकळे अंतर थोडे जरी कमी केले तरी फायदा मोठा होतो. दोउगोंग नेमके हेच करते. प्रत्येक भुजा खालच्या भुजेपेक्षा थोडीच पुढे जाते.

वुताई पर्वतावरील फोगुआंग मंदिराचे पूर्व दालन इ.स. ८५७ मधले आहे. १९३७ साली लिआंग सिचेंग आणि लिन हुईयिन या वास्तुअभ्यासक दांपत्याने त्याचा काळ निश्चित केला. तिथले छप्पर सुमारे चार मीटर पुढे आले आहे आणि ते पेलणाऱ्या दोउगोंगची उंची खांबाच्या जवळजवळ निम्मी आहे. शोभेसाठी कोणी एवढे लाकूड खर्च करीत नाही.

११०३ साली ली जिए या अधिकाऱ्याचा 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा ग्रंथ छापला गेला. त्यात लाकडाच्या छेदाचे आठ दर्जे दिले आहेत आणि प्रत्येकात उंची व रुंदी यांचे प्रमाण ३:२ आहे. इथे गणिताच्या शिक्षकांनी थोडे थांबावे. गोल ओंडक्यातून जास्तीत जास्त मजबूत तुळई कापायची तर तिची उंची रुंदीच्या √२ म्हणजे १.४१ पट हवी. ३:२ म्हणजे १.५. हिशेब केला तर मजबुतीतली घट अर्धा टक्कासुद्धा भरत नाही! त्या काळी हे गणित मांडलेले नव्हते. ओंडके कापता कापता आलेला हा अंदाज असावा.

भूकंपातही या सांध्यांचा उपयोग होतो. धक्का बसला की ठोकळे व भुजा किंचित सरकतात, एकमेकांवर घासतात आणि हालचालीची काही ऊर्जा उष्णतेत जाते. यिंगशिआनचा १०५६ सालचा, सुमारे ६७ मीटर उंचीचा लाकडी मनोरा अनेक भूकंप सोसून उभा आहे. लाकूड अमर मात्र नसते. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरचे खांब आता कलले आहेत.

आता पुन्हा शांघायकडे. तिथल्या लाल तुळयांचा भार मापावरून भुजेवर आणि भुजेवरून मापावर असा उतरत नाही. वरच्या मजल्यांचे वजन तिरप्या खांबांतून काँक्रीटच्या चार पोकळ स्तंभांवर येते. प्रत्येक स्तंभ १८.६ मीटर चौरस असून जिने आणि उद्वाहने त्यांच्याच पोटात आहेत. लाल रंग ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा आहे. म्हणजे ज्या रचनेत आकार आणि काम एकच होते, तिचा इथे फक्त आकार उरला, अशी तक्रार करता येईल. मला ती बरीचशी रास्त वाटते.

बरीचशीच, कारण एक जुने काम या इमारतीने सोडलेले नाही. छप्पर पावसाप्रमाणे उन्हालाही अडवते. शांघायचा अक्षांश सुमारे ३१ अंश. २१ जूनला माध्यान्हीच्या सूर्याची उंची ९० − ३१ + २३.५, म्हणजे सुमारे ८२ अंश. २२ डिसेंबरला सुमारे ३५.५ अंश. दक्षिणेच्या भिंतीवर एक मीटर पुढे आलेला थर जूनमध्ये खाली सात मीटरहून अधिक सावली टाकतो, डिसेंबरमध्ये जेमतेम ७० सेंटीमीटर. उन्हाळ्यात वरचा मजला खालच्याची छत्री होतो आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हापुढे मात्र ही युक्ती फारशी चालत नाही.

२०१२ पासून ही इमारत कलासंग्रहालय झाली आहे. विद्यार्थ्यांनी हेच गणित आपल्या गावाचा अक्षांश घालून करून पाहावे. पुण्याला, १८.५ अंशांवर, जूनचे उत्तर ९५ अंश येईल. ते चुकलेले नाही. त्या दिवशी माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि ऊन दक्षिणेच्या नव्हे, उत्तरेच्या भिंतीवर पडते.