सई, साई की सायि? लेकीच्या नावाचं स्पेलिंग ठरवताना

सीमाभागात मुलगी जन्मली की तिचं नाव तीन लिप्यांमध्ये लिहिलं जातं. बारशाच्या पाळण्यावर आणि मराठी शाळेच्या पटावर देवनागरीत, जन्मदाखल्यावर कन्नड आणि इंग्रजीत. पुण्या-मुंबईच्या आईवडिलांना देवनागरी आणि इंग्रजी जुळवली की झालं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांना तिसऱ्या लिपीचाही विचार करावा लागतो. आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव या तिन्ही लिप्यांतून तसंच ऐकू येईल, याची खात्री कुणी देत नाही.

आपल्याकडे हा विषय तसा नवा नाही. बेळगावचं इंग्रजी स्पेलिंग 1 नोव्हेंबर 2014 पासून कन्नड उच्चाराप्रमाणे ‘बेळगावि’ झालं. निपाणी कन्नडमध्ये ‘निप्पाणि’ होते, म्हणून विधानसभा मतदारसंघाच्या इंग्रजी नावात ‘पी’ दोनदा येतो. गावाच्या नावात कुणाचा उच्चार धरायचा, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. मुलीच्या नावाचं मात्र आपल्यालाच विचारतात. अर्जावर सही आईवडिलांची असते. म्हणून थोडं वेगळं, रूढ नसलेलं स्पेलिंग निवडावं का, निवडलं तर कशासाठी, याचा विचार बारशाआधीच केलेला बरा.

‘सई’चं उदाहरण

सध्या नावं छोटी ठेवायची पद्धत आहे. सई, जाई, ओवी, ईरा अशी दोन अक्षरी नावं आपल्या पिढीला आवडतात. देवनागरीत ती सुटसुटीत दिसतात, पण इंग्रजीत हीच नावं जास्त घोळ घालतात.

सई हे नाव बघा. शिवाजी महाराजांच्या पत्नी, संभाजीराजांच्या आई सईबाई यांच्यामुळे ते आपल्या घरात जुनंच आहे. ‘स्पर्श’, ‘कथा’, ‘चष्मेबद्दूर’च्या दिग्दर्शिका सई परांजपे आपलं नाव एस-ए-आय असं तीन अक्षरांत लिहितात. 2019 च्या ‘दबंग 3’ मधून पुढे आलेली सई मांजरेकर तेच नाव एस-ए-आय-ई-ई असं लिहिते. नाव एक, स्पेलिंग दोन. शेवटचे दोन ‘ई’ बघायला विचित्र वाटतात खरे, पण त्यांना काम आहे. नुसतं एस-ए-आय लिहिलं तर मराठी न येणारा माणूस ते ‘साई’ असंच वाचतो, कारण साईबाबांचं नाव देशभर त्याच तीन अक्षरांत लिहिलेलं असतं.

आपल्या भागात आणखी एक पायरी वाढते. एस-ए-आय वाचून कन्नड टायपिस्टने ‘सायि’ लिहिलं तर ते साईबाबांचं नाव होतंच, पण कन्नडमध्ये ‘सायु’ म्हणजे मरणे, आणि ‘सायि’ म्हणजे ‘मर’ असाही अर्थ निघतो. साईबाबांमुळे कुणी तो अर्थ मनात आणत नाही, पण वर्गातल्या पोरांचा काय भरवसा! ‘सै’ लिहिलं तर कन्नडमध्ये त्याचा अर्थ ‘ठीक’ किंवा ‘बरोबर’ असा होतो. ‘सई’ला जवळचं रूप ‘सयी’. ते हवं असेल तर इंग्रजीत एस-ए-वाय-ई-ई हे स्पेलिंग सोयीचं, कारण त्यातला ‘वाय’ कन्नड वाचणाऱ्याला बरोबर दिशा दाखवतो.

हेही स्पेलिंग पक्कं नाही. इंग्रजी ‘ए’ आपल्या ‘अ’चंही काम करतो आणि ‘आ’चंही, त्यामुळे ‘सायी’ वाचणारा भेटणारच. पण ओळखीचं स्पेलिंग दिसलं की माणूस न थांबता चुकीचं वाचून मोकळा होतो. अनोळखी दिसलं की थांबतो आणि विचारतो, ‘हे कसं म्हणायचं?’ वेगळ्या स्पेलिंगचा खरा उपयोग हा आहे.

जाईचंही तसंच. जे-ए-आय लिहिलं की मुलगी कागदावर ‘जय’ होते.

‘ज्ञ’, ‘त’ आणि शेवटचं अक्षर

प्रज्ञा हे नाव आपण ‘प्रद्न्या’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ घालून लिहितो. हिंदी पट्ट्यात ‘प्रग्या’ म्हणतात आणि ‘जी-वाय’ घालतात. कन्नडमध्ये ‘जे-एन’ लिहायची रीत आहे. म्हणजे आपल्याला जे अगदी नेहमीचं स्पेलिंग वाटतं, तेच हुबळीत किंवा बेंगळुरूत विचित्र ठरतं. रूढ काय, हे वाचणारा कुठे बसलाय त्यावर ठरतं.

दुसरी गोष्ट ‘त’ची. स्मिता पाटील, लता मंगेशकर यांच्या स्पेलिंगमध्ये नुसता ‘टी’ आहे. दक्षिणेत ‘त’साठी ‘टीएच’ लिहितात आणि ‘टी’ हा ‘ट’साठी राखून ठेवतात. म्हणून कर्नाटकात कविता, सविता, गीता या नावांत ‘एच’ येतो. तो शिरला की पुण्यातला माणूस ‘कविथा’ वाचतो, आणि गाळला की बेंगळुरूतला माणूस ‘कविटा’ वाचण्याची शक्यता असते. मुलगी पुढे कोणत्या दिशेला जाईल ते आज माहीत नाही. पण ‘एच’ हवा की नको, हे आपण सांगितलं नाही तर समोरचा टायपिस्ट त्याच्या सवयीने ठरवतो.

तिसरी गोष्ट शेवटच्या अक्षराची. शीतल, स्नेहल, कोमल ही नावं आपण शेवटी तोडून म्हणतो. कन्नडमध्ये शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात, त्यामुळे तिथे पाय मोडून ‘शीतल्’ असं लिहावं लागतं, नाहीतर वाचणारा ‘शीतल’मधला ‘ल’ पूर्ण म्हणतो आणि मुलगी जवळजवळ ‘शीतला’ होते.

सगळीकडेच अडचण आहे असं मात्र नाही. ऋतुजा, कृपा यांतला ‘ऋ’ मराठी आणि कन्नड दोन्हीत ‘रु’सारखा म्हणतात, हिंदीत ‘रि’. तिथे आपण आणि आपले कन्नड शेजारी एकाच बाजूला. ‘ळ’ दोन्ही भाषांत आहे आणि इंग्रजीत दोघांचाही हरवतो. आणि आपली ‘ताई’ कन्नडमध्ये लिहिली की ‘तायि’ होते, म्हणजे चक्क आई.

अंकशास्त्राचा जादा ‘ए’

वेगळ्या स्पेलिंगचं दुसरं कारण बहुतेक घरांत निघतंच, ते म्हणजे अंकशास्त्र. त्यात प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक अंक असतो आणि सगळ्यांची बेरीज शुभ यावी लागते. ‘ए’ची किंमत 1, त्यामुळे बेरीज एकाने कमी पडली की एक ‘ए’ वाढवायचा. जयललिता यांनी 2001 मध्ये नावाच्या शेवटी असा एक ‘ए’ वाढवला. कर्नाटकाचे माजी मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी 2007 मध्ये ‘आय’ काढून ‘डी’ दोनदा केला आणि 2019 मध्ये पुन्हा जुन्या स्पेलिंगवर आले.

श्रद्धेवर वाद घालायचा नाही. फक्त या हिशोबात उच्चाराला जागा नाही, एवढं लक्षात घ्यावं. मोठ्या नेत्यांचं स्पेलिंग बदललं तर वर्तमानपत्रं आपोआप दुरुस्त करतात. आपल्या मुलीला प्रत्येक खिडकीवर ‘मॅडम, डबल ए आहे’ असं स्वतःच सांगावं लागणार. बेरीज जुळवायचीच असेल तर ज्या अक्षराने उच्चारही सुधारतो तेच अक्षर वाढवावं.

संगणक नाव ऐकत नाही

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हा भाग थोडा सविस्तर. संगणक दोन नावं ताडून बघतो तेव्हा तो फक्त अक्षरं मोजतो. शेवटी एक ‘ई’ आणि दोन ‘ई’ या त्याच्या लेखी दोन वेगळ्या मुली. उच्चारावरून नावं जुळवायच्या पद्धतीही आहेत. त्यांतली जुनी ‘साउंडेक्स’, अमेरिकेत 1918 मध्ये पेटंट झालेली. ती पहिलं अक्षर ठेवते, स्वर टाकून देते आणि उरलेल्या व्यंजनांना अंक देते. तिच्या हिशोबात सईची सगळी स्पेलिंग्ज ‘एस-000’ होतात, कारण ‘एस’नंतर सगळे स्वरच. उलट मराठी स्पेलिंगची प्रज्ञा ‘पी-635’ आणि कन्नड स्पेलिंगची प्रज्ञा ‘पी-625’, म्हणजे दोन वेगळी माणसं. ही पद्धत इंग्रजी आडनावांसाठी बनली, आपल्या ‘ज्ञ’ची तिला कल्पना नाही.

पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. त्यांत ए ते झेड एवढीच अक्षरं बसतात. हौसेने टाकलेलं स्वल्पविरामासारखं चिन्ह किंवा अक्षरावरची रेघ तिथे गळून पडते. म्हणून वेगळेपणा करायचा तो साध्या 26 अक्षरांतच करावा.

कागद एकदाच नीट

जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर बारा महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय घालता येतं. त्यामुळे बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभं राहून घाईत स्पेलिंग सांगायची गरज नसते.

ही सवलत वापरायला आता आणखी मोठं कारण आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा सगळ्या कामांत जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. म्हणजे दाखल्यावरचं स्पेलिंग हेच पुढच्या प्रत्येक कागदाचं मूळ.

आमच्या घरी आम्ही क्रम ठरवून घेतला. आधी उच्चार, मग कन्नड, शेवटी इंग्रजी. तिन्ही रूपं एका कागदावर लिहिली. इंग्रजी रूप एका कन्नड मित्राला काही न सांगता वाचायला दिलं, कन्नड रूपाला काही भलता अर्थ तर नाही ना, हे शेजारच्या आजींना विचारलं. फोनवर एकेक अक्षर सांगून बघितलं. मग तोच कागद अर्जासोबत नेला आणि दाखला हातात आल्यावर खिडकीवरच दोन्ही लिप्या ताडून पाहिल्या. आधारवर कन्नड रूप संगणक इंग्रजीवरून स्वतःच तयार करतो, म्हणून पावती देताना पडद्यावरचं नावही वाचून घेतलं.

एवढा खटाटोप मुलीसाठी जास्त गरजेचा आहे. आपल्याकडे देसाई, पाटील, कुलकर्णी ही आडनावं मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत असतात, आणि मुलीचं आडनाव तर लग्नानंतर अनेकदा बदलतं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायची रीत आपल्या आज्यांनी पाहिली, काहींच्या आयांनीही. मुलाच्या तिन्ही नावांतलं एकही सहसा हलत नाही. मुलीचं जन्मापासून शेवटपर्यंत टिकू शकतं ते फक्त पहिलं नाव, आणि ते टिकवायचा आधार म्हणजे जन्मदाखला.

म्हणून स्पेलिंग वेगळं असलं तरी हरकत नाही. ते बघून निपाणीतल्या, बेंगळुरूतल्या किंवा परदेशातल्या अनोळखी माणसाने तिला तिच्याच नावाने हाक मारावी, एवढं त्याने साधलं पाहिजे. एकदा ठरवलं की लसीकरणाच्या कार्डापासून पासपोर्टपर्यंत तेच लिहावं, एका अक्षराचाही फरक न करता.