गेल्या ईदचा रस्ता या ईदला नसतो

मुंब्रा, कुर्ला नाहीतर मीरा रोडहून रात्री दहाला निघायचे, फजर खारेपाटणला आणि नाश्ता मालवणात घरी. आपल्या घरांतला हा हिशेब जुना आहे. तो सांगणारा माणूस बहुधा एक वाक्य हमखास जोडतो, 'रस्ता पाठ आहे आपल्याला.' आम्हाला भीती वाटते ती याच वाक्याची.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा आईच्या मांडीवर बसून गावी आलेली मुले आता स्वतः गाडी चालवायला मागतात. एवढ्या काळात हा रस्ता इतक्या वेळा तोडला, वळवला, उंचावला गेला की पाठांतराचा उपयोगच उरला नाही. संगमेश्वर, हातखंबा, लांजा या पट्ट्यात काम सर्वांत जास्त रेंगाळले. तिथे बकरी ईदला डावीकडून गेलेलो असू, तर पुढच्या खेपेला उजवीकडून जावे लागते. डोळ्यांना समोर बॅरिकेड दिसत असते, पण हात जुन्या सवयीने स्टिअरिंग फिरवतात. नवखा माणूस निदान घाबरून हळू तरी चालवतो.

रस्त्याच्या कामाची जागा कशी असावी, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-55 ही मार्गदर्शिका आहे. आधी सूचनेचे फलक, मग गाड्या हळूहळू एका बाजूला वळवण्याचा भाग, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी रस्ता पुन्हा मोकळा होण्याचा भाग, असे तिचे चार टप्पे. कागदावर छान आहे. आपल्याकडे अनेकदा एक पिंप, त्यात खोचलेली झाडाची फांदी आणि त्यामागे थेट खड्डा. मालवणच्या आतल्या रस्त्यांवर तर ती फांदी हाच फलक. दिवसा ती कळते, रात्री पावसात नाही. म्हणून 'रस्त्याचे काम चालू आहे' हा पहिला फलक दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच पाहिजे आणि मोकळा, अखंड रस्ता नीट दिसेपर्यंत वेग वाढवायचा नाही. दोन कामांच्या मध्ये अर्धा किलोमीटर चांगला रस्ता मिळाला की लोक उतावळे होतात. पुढचे पिंप तिथेच उभे असते.

ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. मोबाइलवरचा नकाशा बघायला तीन सेकंद मान खाली घातली, तर 66 मीटर आपण आंधळेपणाने चाललो. ताशी 40 ला हेच अंतर निम्मे होते. शिवाय कालच बदललेले वळण नकाशाला माहीत असेलच असे नाही. नकाशा शेजारी बसणाऱ्याने बघावा, चालवणाऱ्याने रस्ता.

सर्वांत फसवी जागा म्हणजे चौपदरीची एक बाजू बंद करून दोन्हीकडची वाहतूक दुसऱ्या बाजूने सोडलेली असते ती. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, त्यामुळे समोरून कोणी येणार नाही असेच मनाला वाटत राहते, आणि वळणावर अचानक ट्रकचे दिवे दिसतात. इथे ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. अप्पर लाइट मारत जाणाऱ्यांनीही जरा विचार करावा, समोरच्याला त्या उजेडात कडेचा कामगार दिसत नाही. रात्री त्या कडेला झेंडा घेऊन उभा असलेला मुलगा कोणाच्या तरी घरातला असतो.

दुचाकीवाल्यांसाठी धोका वेगळा आहे. नव्या काँक्रीटची कड जुन्या डांबरापेक्षा उंच असते. तिच्यावर तिरके चढायला गेले की चाक कडेला घासत जाते आणि गाडी आडवी होते. पाऊस पडला की डंपरच्या चाकांनी आणलेली लाल माती साबणासारखी होते. मागे बीवी आणि पुढे टाकीवर पोर अशी स्वारी असेल तर थांबून, उतरून, गाडी ढकलत पलीकडे नेण्यात कसलीही लाज नाही.

खारेपाटणला सिंधुदुर्ग लागला की काँक्रीटचा सरळ रस्ता मिळतो, आणि रात्रभर अडकलेला ड्रायव्हर सगळा राग तिथे काढतो. झोपेची वेळही नेमकी तीच. कसालला महामार्ग सोडून मालवणकडे वळल्यावर रस्ता पुन्हा अरुंद, समोर गुरे, कडेला खडीचा ढीग. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनीही हे अनुभवले आहे. जानेवारी 2024 मध्ये करूळ घाट कामासाठी बंद झाला आणि वर्षभराहून अधिक काळ वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांनी वळली. भुईबावड्याचा रस्ता एवढ्या गाड्यांसाठी बांधलेलाच नव्हता. पर्यायी रस्ता म्हणजे कमी अंतराचा रस्ता नव्हे, हे निघतानाच धरून चालावे आणि दोन तास जास्तीचे ठेवावेत.

कंत्राटदाराला मोकळे सोडा, असे आमचे म्हणणे नाही. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातील कलम 198-अ नुसार, रस्त्याच्या बांधकामात वा देखभालीत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फलक नसलेला खड्डा दिसला तर सुरक्षित जागी गाडी उभी करून फोटो काढा, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा टिपा आणि राष्ट्रीय महामार्गाच्या 1033 या क्रमांकावर कळवा. अपघात झालाच तर 112 किंवा 108.

आता जे बोलणे अवघड आहे ते. या रस्त्यावर सर्वांत घाईत असते ती मय्यतीला निघालेली गाडी. मुंबईत फोन येतो, चालवणारा रडलेला, न जेवलेला, आणि गावाहून दर वीस मिनिटांनी विचारणा, 'कुठवर पोचलात? जनाजा थांबवलाय.' त्या प्रत्येक फोनने ॲक्सिलरेटर थोडा आणखी दाबला जातो. गावातल्या वडीलधाऱ्यांनी एकदाच फोन करावा आणि स्पष्ट सांगावे, 'बाबा, सावकाश ये. वेळेत पोचलास तर मिट्टी दे, नाही पोचलास तर कबरीवर येऊन दुआ कर.' शक्य असेल तर तो माणूस स्टिअरिंगवर नसावाच. जमातीतला दुसरा कोणी चालवायला द्यावा, नाहीतर रेल्वेने पाठवावे. कुडाळ किंवा कणकवली स्टेशनवर घ्यायला गावातली रिक्षा जाऊ शकते, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.