फुप्फुसात पाणी झालं? सीपॅप की बायपॅप, या वादात वेळ घालवू नका

रात्री आडवं पडलं की धाप लागते, पेशंट उठून बसतो, अंगाला घाम फुटतो. कधी खोकल्यातून गुलाबी फेस येतो. हृदय कमजोर झालं की रक्त मागं तुंबतं आणि त्यातलं पाणी फुप्फुसात उतरतं. (सुई टोचून काढतात ते पाणी वेगळं, ते फुप्फुसाच्या बाहेर साठतं. हे सुईनं निघत नाही.)

अशा वेळी दवाखान्यात नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून दाबानं हवा देतात. 'मशीन लावलं म्हणजे माणूस संपला' अशी भीती गावोगाव आहे. पण हा मास्क लावतात तो घशात नळी घालायची वेळ येऊ नये म्हणूनच. पेशंट शुद्धीवर असतो, खुणेनं बोलतो.

मशीन दोन प्रकारची. सीपॅपमध्ये श्वास घेताना आणि सोडताना दाब एकसारखा राहतो. बायपॅपमध्ये घेताना जास्त, सोडताना कमी. साहजिकच बायपॅप भारी वाटतं. ब्रिटनमध्ये २६ रुग्णालयांतल्या १,०६९ रुग्णांवर तुलना झाली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सात दिवसांत मृत्यू झाला किंवा नळी घालावी लागली, असे रुग्ण सीपॅपवर ११.७ टक्के आणि बायपॅपसारख्या दुहेरी दाबावर ११.१ टक्के. म्हणजे फरक नाहीच म्हणा. साध्या ऑक्सिजनपेक्षा मात्र दोन्हींनी धाप लवकर कमी झाली.

एक अपवाद आहे. वर्षानुवर्षं बिडी ओढून किंवा चुलीच्या धुरानं फुप्फुसं आधीच खराब असतील, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. तिथं डॉक्टर बहुतेक वेळा बायपॅपच निवडतात. बेशुद्ध किंवा सतत उलट्या होणाऱ्या पेशंटला मास्क चालत नाही, नळीच लागते.

तालुक्याच्या दवाखान्यात सीपॅप असताना निव्वळ बायपॅपसाठी जिल्ह्याला पळवणं जिवावर बेतू शकतं. मास्क पाणी काढत नाही, तो वेळ मिळवून देतो. पाणी उतरतं ते लघवीच्या इंजेक्शननं आणि हृदयाच्या औषधांनी, आणि ती लवकर सुरू व्हायला हवीत.

१०८ ला फोन करा, पेशंटला आडवं न करता बसवूनच न्या. मास्क लावल्यावर पहिली काही मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं. तेव्हा हात धरून बसा, मास्क ओढू देऊ नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चहा-पाणी पाजू नका, ठसका लागून ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं.