'पाटील': पदवीचे आडनाव कसे झाले?

जुन्नर तालुक्यात पिंपरी पेंढार आणि पिंपरी कावळ अशी दोन गावे आहेत. 'पिंपरी' हे नाव महाराष्ट्रात इतके सामान्य आहे, की त्याला दुसरा शब्द जोडल्यावाचून नेमके गाव कळत नाही. अशीच द्विपदी रचना या परिसरातील काही आडनावांतही दिसते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील 'वळसे-पाटील' आणि 'आढळराव-पाटील' ही आडनावे सार्वजनिक जीवनात परिचित आहेत. यांतील पहिले पद कुळाचे, तर दुसरे अधिकाराचे होय. पदवीचे आडनाव होण्याच्या वाटेवरील हा मधला टप्पा आहे. त्याच्या अलीकडे व पलीकडे काय घडते, हे पाहण्यास व्याकरणाचा चांगला उपयोग होतो.

माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील दानपत्रांत, दान दिलेल्या गावच्या रहिवाशांबरोबर 'पट्टकिल' या अधिकाऱ्यास उद्देशून आज्ञा दिलेली असते. 'पाटील' हा शब्द या 'पट्टकिल'पासून आला. जोडव्यंजनापैकी एक लोपून आधीचा स्वर दीर्घ होणे, ही मराठीची नेहमीची रीत आहे. 'हट्ट' या प्राकृत शब्दाचा 'हाट' झाला, तसा 'पट्ट'चा 'पाट' झाला. दोन स्वरांमधील 'क' गळाला. गुजरातीतील 'पटेल' हे याच शब्दाचे भावंड होय.

इस्लामी राजवटींत दप्तराची भाषा पालटली. जुन्नर हे तर निजामशाहीचे आरंभस्थान. मलिक अहमदाने १४९० मध्ये येथेच स्वतंत्र सत्ता उभारली. त्या काळच्या व पुढील मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलास 'मोकदम' म्हटलेले आढळते. हा अरबी-फारसी शब्द आज 'मुकादम' या रूपाने उरला आहे. ऊसतोड मजुरांच्या टोळीचा प्रमुख, असा त्याचा एक प्रचलित अर्थ आहे. 'मुकादम' हे आडनावही आढळते. परंतु 'पाटील'इतका प्रसार त्यास लाभला नाही. दप्तराने परका शब्द स्वीकारला, तरी गावाच्या तोंडी देशी शब्दच राहिला.

पाटीलकी हे वतन होते. ते वारशाने चाले, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. सारावसुली व गावचा बंदोबस्त ही कर्तव्ये, आणि सणांतील अग्रमान हा हक्क, अशी त्याची दोन अंगे होती. परंतु वतन असल्याने कुळाचे नाव आपोआप जात नसे. महादजी शिंदे (मृत्यू १७९४) उत्तर हिंदुस्थानचे राजकारण चालवीत असतानाही 'पाटीलबाबा' म्हणवून घेत. त्यांचे आडनाव मात्र शिंदेच राहिले. याउलट, क्रांतिसिंह नाना पाटील (१९००–१९७६) यांचे मूळ आडनाव पिसाळ. जगाने त्यांना ओळखले ते 'पाटील' म्हणून. पहिल्या उदाहरणात पदवी कुळाशेजारी उभी आहे, दुसऱ्यात तिने कुळाची जागा घेतली आहे. खानदेशात तर एकेरी 'पाटील' हे आडनाव फार मोठ्या प्रमाणावर रूढ आहे.

हा बदल मराठीच्या विभक्तिरूपांतही उमटला आहे. 'उंदीर' या शब्दाचे 'उंदराने' होते, तसे 'पाटील'चे 'पाटलाने' होते. मधला 'ई' लोपतो. 'वकील' या परकीय शब्दाचे मात्र 'वकिलाने' होते, तेथे लोप नाही. म्हणजे 'पाटील' हा मराठीच्या जुन्या घरातला शब्द आहे. परंतु वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर 'पाटीलने शतक झळकावले' असे वाक्य आज सर्रास भेटते. तेथे 'पाटलाने' लिहिले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे खेळाडूऐवजी गावचा पाटील उभा राहील. विशेषनाम शक्य तो अविकृत ठेवण्याकडे आधुनिक मराठीचा कल आहे. 'पाटीलने' हे रूप म्हणूनच शब्द पदवीतून सुटून नाव झाल्याची खूण आहे. आदरार्थी 'पाटलांनी' या रूपात मात्र जुना लोप टिकून आहे. स्त्रीवाचक रूपाची साक्षही अशीच आहे: पाटलाची पत्नी ती 'पाटलीण', पण पाटील आडनावाच्या शिक्षिकेस कोणी 'पाटलीणबाई' म्हणत नाही, ती 'पाटीलबाई'च असते.

महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द झाले. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालील पोलीस पाटील हा नेमलेला असतो, वारसदार नव्हे. पद गेले, नाव राहिले.

यातून संशोधकाने घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. मराठा, लेवा, आगरी, कोळी, जैन, लिंगायत अशा अनेक समाजांत हे आडनाव आहे. त्यावरून जात ओळखणे किंवा दोन पाटील घराण्यांचे नाते जोडणे, हे दोन पिंपऱ्या एकच समजण्यासारखे होय. जुन्या कागदात 'पाटील' हा शब्द दिसताच तो पद आहे की नाव, हे आधी ठरवावे. कुळ शोधावयाचे ते त्यानंतर.